माफी फुकट असते का?

‘देवाला माफच करायचं होतं, तर सरळ माफ करून टाकायचं ना! त्यासाठी कुणाला तरी क्रुसावर कशाला चढवायला हवं?’

गुड फ्रायडेच्या आसपास हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. विचारणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात, म्हणजे ख्रिस्ती नसलेले. विचारण्यात कुचकेपणा नसतो, खरंच कळत नसतं. सर्वशक्तिमान देव आहे, दयाळू आहे, बाप आहे. लेकरू चुकलं, रडत आलं, की बापाने पोटाशी धरावं. मध्येच हा बळी, हे रक्त, हे प्रायश्चित्त कशासाठी? ख्रिस्ती मित्राला विचारावं तर तो म्हणतो, ‘देव दयाळू आहे तसा न्यायीही आहे, म्हणून.’ हे ऐकून आपलं समाधान होत नाही आणि बहुधा त्याचंही झालेलं नसतं. मग चहा येतो आणि विषय बदलतो.

मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही. पण हा प्रश्न बरीच वर्षं डोक्यात घोळतोय आणि आता माझं एक मत बनलं आहे. ते असं, की ‘सरळ माफ का नाही करत’ हा प्रश्न ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीतच कच्चं आहे. माफी फुकट असते असं आपण धरून चालतो. ती फुकट नसते. किंमत कोण देतो एवढाच प्रश्न असतो.

आता सावकाश सांगतो.

आधी शब्द बघू. प्रायश्चित्त हा शब्द काही मिशनऱ्यांनी आणलेला नाही. मराठी बायबलात तो आहे, पण घेतला आपल्या धर्मशास्त्रातून. महामहोपाध्याय पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) लिहिला, त्याचा मोठा भाग पातकं आणि प्रायश्चित्तं ह्यांनीच भरलेला आहे. ‘प्रायस्’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय, अशी त्याची जुनी फोड सांगतात. म्हणजे तप करण्याचा निश्चय. कुणी करायचा? अर्थात ज्याने पाप केलं त्याने. उपवास त्याचा, दान त्याचं, पंचगव्य त्याच्याच घशाखाली.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं प्रायश्चित्त गंमत म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या घरचा चहा प्यायल्याबद्दल होतं! १४ ऑक्टोबर १८९० ला पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली चाळीस-पन्नास प्रतिष्ठित मंडळी गेली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कप हातात घेतला, कुणी शिवलेही नाहीत. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी मुलखाचे खोडकर. त्यांच्या खटपटीने हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली. त्यात टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, गावात ग्रामण्य माजलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी आपल्या मित्रांच्या अडचणीपायी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचेच सुधारक अनुयायी त्यांच्यावर चिडले.

ह्या गोष्टीत हसण्यासारखं खूप आहे. पण एक मुद्दा बघा. चहा प्यायल्याने कुणाचंच काही बिघडलं नव्हतं, तरी गाव म्हणत होतं, ‘काहीतरी भरा, त्याशिवाय पंक्तीला घेणार नाही.’ मोडलेलं नातं नुसत्या ‘चुकलं’ म्हणण्याने जुळत नाही, काहीतरी द्यावं लागतं, ही भावना माणसात इतकी खोल आहे की पाप खोटं असलं तरी ती जागी होते. आणि रानड्यांचं पाहिलं तर अजून एक गोष्ट दिसते. त्यांच्या मनाला पाप लागलेलंच नव्हतं. त्यांनी जे घेतलं ते दुसऱ्यांसाठी घेतलं, आणि बोलणी मात्र स्वतः खाल्ली.

आता आमच्या तालुक्यात या. भूमचं नाव बाहेरगावी निघतं ते बहुधा खव्यामुळे आणि कुंथलगिरीच्या पेढ्यामुळे. पण कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. कुलभूषण आणि देशभूषण हे दोन मुनी तिथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथेच सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. जैन विचारात पाप माफ करणारा देवच नाही. तीर्थंकर वाट दाखवतात, खात्यातलं काही खोडत नाहीत. कर्म बांधलं तुम्ही, झडवायचंही तुम्हीच. प्रायश्चित्त तिथे अंतरंग तपांतलं पहिलं तप आहे. क्षमा मागायची ती माणसांची आणि जीवमात्रांची, क्षमावाणीच्या दिवशी, हात जोडून. वर कुणाकडे अर्ज करायची सोय नाही. मला ह्या विचाराचा फार आदर वाटतो. हिशेब चोख आहे, कुणी कुणाचं ओझं उचलत नाही, कुणाला सवलत नाही.

दुसऱ्या टोकाला आपला वारकरी. त्याला विचारा, पापाचं काय? तो म्हणेल, नाम घ्या, विठ्ठल बघेल. विठ्ठलाने हिशेबाची वही मागितल्याचं कुणी ऐकलेलं नाही. अजामिळाने मरताना ‘नारायण’ म्हणून मुलाला हाक मारली आणि तेवढ्यावर तो सुटला, ही भागवतातली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. हीसुद्धा मला फार जवळची वाटते. पण आडवे प्रश्न विचारायची खोड असल्याने एक विचारतोच, की अजामिळाने ज्यांना लुबाडलं त्यांचं काय झालं? कथा त्याबद्दल गप्प आहे.

म्हणजे एकीकडे हिशेब आहे पण माफ करणारा कुणी नाही, आणि दुसरीकडे माफ करणारा आहे पण हिशेब कुठे गेला ते कळत नाही. ख्रिस्ती विचाराची सगळी धडपड ह्या दोन्ही गोष्टी एका जागी धरायची आहे. हिशेब खरा आहे, एक पैसुद्धा खोटी नाही. आणि माफीही खरी आहे, पूर्ण आहे. मग ती रक्कम गेली कुठे? तर माफ करणाऱ्यानेच भरली. क्रूस म्हणजे ती भरलेली रक्कम. सिद्धांत एवढाच आहे. बाकी दोन हजार वर्षांचा वाद तो कसा समजायचा ह्याचा.

हा विचार आला यहुदी लोकांकडून. बायबलातल्या लेवीय नावाच्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बकरे आणायचे. एकाचा बळी. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजकाने सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. हा दिवस म्हणजे योम किप्पूर. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे शनिवार तेली, ह्याला मराठीत ‘दरफळणीचा सण’ म्हणत. दारं लावून घ्यायची, उपास करायचा, त्या दिवशी बाहेरच्याशी व्यवहार नाही. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि बळी बंद झाले. त्यानंतर यहुदी धर्मगुरूंनी पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म ह्यांवर भर दिला. त्यांनी एक नियम फार नेमका घालून ठेवला आहे. देवाविरुद्धचं पाप ह्या दिवसाने धुतलं जाईल, पण शेजाऱ्याविरुद्धचं पाप शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय धुतलं जाणार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ख्रिस्ती पंडितांचंही ह्या बाबतीत एकमत नाही, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. येशूच्या मरणाने तारण झालं हे सगळे मानतात, पण नेमकं कसं झालं ह्याचं एकच अधिकृत उत्तर त्यांच्या प्राचीन श्रद्धासूत्रांत दिलेलं नाही. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म ह्याने १०९८ च्या सुमारास ‘देव माणूस का झाला’ अशा अर्थाचं लॅटिन पुस्तक लिहिलं. तो सरंजामशाहीतला माणूस. त्याचं म्हणणं, पाप म्हणजे देवाचं देणं न देणं, त्याचा मान हिरावून घेणं. ते देणं माणसाने द्यायला हवं, पण देण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देणारा देवही हवा आणि माणूसही हवा. पुढच्याच शतकात आबेलार्ड म्हणाला, मला त्यात देवाचं प्रेम दिसतं, आणि ते प्रेम पाहून माणसाचं काळीज पाघळतं. सोळाव्या शतकात कॅल्विन आला. तो कायदा शिकलेला. त्याने कोर्टाची भाषा आणली: गुन्हा, शिक्षा आणि आपल्या जागी शिक्षा भोगणारा. मिशनरी आपल्याकडे आले ते बहुतेक ही कोर्टाची भाषा घेऊन. आपल्याला जी ऐकू येते आणि खटकते तीही हीच.

ह्या भाषेला सगळ्यात कडक उत्तर एका ख्रिस्ती माणसानेच दिलं. फाउस्तुस सोसिनस ह्या इटालियन विचारवंताने १५९४ मध्ये छापलेल्या पुस्तकात साधा प्रश्न टाकला. कर्ज फेडलं गेलं असेल तर त्याला माफी म्हणू नका, ती वसुली झाली. आणि माफी असेल तर मग फेड कशाला? दोन्ही एकदम कसं? शिवाय पैशाचं देणं दुसरा भरू शकतो, पण एकाचा गुन्हा आणि फाशी दुसऱ्याला हा कसला न्याय?

गांधीजींनाही हेच खटकलं. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये प्रिटोरियातल्या एका ‘प्लिमथ ब्रदर’ पंथाच्या माणसाची गोष्ट आहे. तो म्हणत होता, तुम्ही पापांची चिंता कशाला करता, येशूने ती सगळी भरलेली आहेत. गांधीजींचं उत्तर असं, की मला पापाच्या परिणामातून सुटका नकोय, पापातूनच सुटका हवी आहे. ह्या उत्तरापुढे मी नेहमीच मान तुकवतो. आपल्या प्रार्थना समाजाच्या (१८६७) मंडळींचाही कल असाच होता. मनापासून पश्चात्ताप करा, सुधारा, एवढं देवाला पुरे.

मग सोसिनसला उत्तर नाहीच का? मला वाटतं आहे, आणि ते मला धर्मग्रंथात नाही, कर्जमाफीत सापडलं.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला कर्जमाफी हा शब्द शिकवायला नको. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची. पारावर चर्चा असते ती यादीत नाव आलं का नाही ह्याची. पण माफ झालेलं कर्ज जातं कुठे, हे कुणी विचारतं का? ते हवेत विरत नाही. सोसायटीने ते जिल्हा बँकेकडून आणलेलं असतं, बँकेने ठेवीदारांकडून. कुणीतरी ते भरतंच. २००८ मध्ये केंद्राने साठ हजार कोटींचा आकडा सांगितला, २०१७ मध्ये राज्याने चौतीस हजार कोटींचा. ते सरकारी तिजोरीतून म्हणजे शेवटी सगळ्यांच्या खिशातून भरायचे होते. सरकारने भरले नसते तर बँक बुडाली असती, म्हणजे ठेवीदाराने भरले असते. शेतकऱ्याच्या बाजूने ती शंभर टक्के माफी असते, एक रुपया द्यावा लागत नाही. दुसऱ्या बाजूने तोच रुपया पूर्ण भरलेला असतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. सोसिनसचं ‘दोन्ही एकदम कसं’ इथे सुटतं.

घरातलं उदाहरण देतो. आमच्या आजोबांची खव्याची भट्टी होती. दूधवाल्यांना उचल द्यायची आणि दुधातून ती फेडून घ्यायची, हा ह्या धंद्याचा रिवाज. एका दूधवाल्याने उचल घेऊन म्हैस घेतली आणि ती पावसाळ्यात फऱ्या होऊन दगावली. पाठोपाठ त्याची बायको आजारी पडली. आजोबांनी त्याला बोलावलं, वहीतल्या त्याच्या पानावर आडवी रेघ मारली आणि ‘संपलं’ म्हणाले. गावात त्याचं कौतुक झालं. पण त्या वर्षी दिवाळीला आमच्या घरात कुणालाच नवे कपडे आले नाहीत, आणि आजीच्या पाटल्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सोनाराकडे होत्या. रेघ मारायला एक क्षण लागला होता. तिची किंमत घरातल्या सगळ्यांनी वर्षभर दिली. त्या दूधवाल्याला हे कधीच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती माफी राहिली नसती.

आता ‘सरळ माफ करून टाकायचं’ ह्या वाक्याकडे परत बघा. सरळ म्हणजे कसं? रेघ मारणं सरळच असतं. पण रेघ मारली की ती रक्कम रेघ मारणाऱ्याच्या अंगावर येते. पैशाचं असं, तसंच अपमानाचंही, विश्वासघाताचंही. तुम्हाला कुणी फसवलं तर दोनच मार्ग असतात. त्याच्याकडून वसूल करा किंवा स्वतः गिळा. गिळणं दुखतं. ज्याला अजिबात दुखलं नाही त्याने माफ केलेलं नसतं, त्याला मुळात फरकच पडलेला नसतो.

उधळ्या मुलाच्या गोष्टीचा दाखला सोसिनसच्या बाजूचे लोक नेहमी देतात. लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट. मुलगा वाटणी घेऊन जातो, उधळतो, परत येतो, बाप धावत जाऊन मिठी मारतो. कुठे आहे तिथे बळी? पण आपण वाटणीच्या गावचे लोक आहोत, आपण ही गोष्ट नीट वाचू शकतो. धाकट्याचा हिस्सा गेलेला आहे. उरलेलं सगळं थोरल्याचं. म्हणजे अंगठी, अंगरखा आणि पोसलेलं वासरू ह्यांचा खर्च राहिलेल्या इस्टेटीतून झाला. थोरला उगाच नाही फुगून अंगणात उभा राहिला! बापाने मुलाकडून काहीच घेतलं नाही हे खरं, पण बापाचं काहीच गेलं नाही हे खरं नाही.

आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात मराठी बायबलाने शब्द वापरला आहे ‘ऋण’. पाप नव्हे, ऋण. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ह्याहून ओळखीचा शब्द कुठला?

पण सोसिनसचा दुसरा प्रश्न अजून उभा आहे. निरपराध तिसऱ्याला शिक्षा का? आजोबांनी शेजाऱ्याच्या पाटल्या गहाण टाकून दूधवाल्याला माफ केलं असतं तर? त्याला मनाचा मोठेपणा म्हणता आलं नसतं, ती चोरी झाली असती. येशू जर ‘देवाने पकडून आणलेला कुणी दुसरा’ असेल, तर हा सगळा सिद्धांत मला क्रूर वाटतो. रागावलेला बाप आणि मधे मार खाणारा पोरगा, अशी चित्रं काही प्रवचनांत रंगवली जातात, आणि ती ऐकून माणूस दूर गेला तर त्याला दोष देता येत नाही. हा सिद्धांत उभा राहतो तो एकाच अटीवर, की क्रुसावरचा तो स्वतः देवच आहे. म्हणजे वही ज्याची, पाटल्याही त्याच्याच. प्रायश्चित्ताचा प्रश्न आणि ‘येशू देव आहे का’ हा प्रश्न म्हणून वेगळे करता येत नाहीत. एक पडला की दुसरा पडतो.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य ह्या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरच्या वर्षांत सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्या त्रैक्यावर आणि येशूच्या देवत्वावर निकराने भांडतात. संस्कृत पंडित बाई, कुणाच्या सांगण्यावरून मान डोलावणाऱ्यातल्या नव्हत्या. आधी त्यांना भिडलं ते तत्त्वज्ञान नव्हतं. लंडनच्या फुलहॅम भागात त्यांनी ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी चालवलेलं एक आश्रयस्थान पाहिलं. त्या बायकांना परत माणसांत घेतलं जात होतं. ‘हे लोक असं का करतात?’ ह्या प्रश्नातून पुढचा प्रवास झाला, असं त्यांनी १९०७ च्या आपल्या निवेदनात सांगितलं आहे. वैयक्तिक तारणाची खात्री त्यांना बरीच नंतर, १८९१ च्या सुमारास पटली. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी त्यांनी ‘कृपासदन’ काढलं. समाजाच्या वहीत ज्यांच्या पानावर लाल शेरा होता, त्यांना रमाबाईंनी जवळ केलं आणि त्याची किंमत स्वतः दिली. पुण्यात त्यांच्या नावाने काय काय बोललं गेलं हे सगळ्यांना माहीत आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधी त्यांना ओढलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. कोर्टाच्या भाषेने ओढलेलं नव्हतं. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांनी येशूकडे न्यायाधीशाच्या पलीकडे, गुरू आणि माउली म्हणून पाहिलं. आईच्या बाबतीत ‘प्रायश्चित्त कशाला’ हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण लेकरासाठी आई काय काय सोसते हे आपण रोज बघतो.

आता माझी खरी अडचण सांगतो. ती ह्या सिद्धांताच्या तर्काबद्दल नाही, त्याच्या वापराबद्दल आहे.

देवाने स्वतः किंमत भरून माफ केलं, ठीक. पण देवाने कुणाच्या वतीने माफ केलं? एखाद्याने गड्याची वर्षाची मजुरी बुडवली, मग देवळात किंवा चर्चमध्ये जाऊन डोळे पुसले आणि हलका होऊन घरी आला. गडी अजून उपाशीच आहे. त्याला कुणी विचारलंच नाही. ही माफी गड्याच्या खिशातून गेली. अजामिळाच्या गोष्टीला मी जो प्रश्न विचारला तोच इथेही विचारायला हवा. यहुदी धर्मगुरूंचा तो नियम म्हणूनच मला मोलाचा वाटतो. आणि येशूची शिकवणही त्याच्या विरुद्ध नाही. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाचं मन दुखावल्याचं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, असंच तो सांगतो. जक्कय नावाचा जकातदार त्याला भेटल्यावर नुसता रडत बसला नाही, ज्याला फसवलं त्याला चौपट परत द्यायला निघाला. फुकट माफी मिळालेला माणूस असा वागतो. चौपट देणं ही माफीची फी नव्हती, ती माफी पोचल्याची पावती होती. गांधीजींच्या त्या प्लिमथवाल्याला हेच कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, माफी आणि कायदा ह्यांची गल्लत. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस ह्यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. खटला मात्र चाललाच, शिक्षाही झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. ह्या दोन्हीत विरोध नाही. कोर्टाने समाजाचं काम केलं. ग्लॅडिसबाईंनी जे केलं ते कोर्टाला जमणारं नव्हतं. त्यांनी सूडाचा हक्क सोडला आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांचं काम पुढे चालू ठेवलं. त्या माफीची किंमत काय होती हे कुणाला विचारायची गरज आहे का? तीन शवपेट्या. आणि ती माफी द्यायचा हक्क असेल तर तो त्यांचाच होता. बाकी कुणीही, कुठल्याही व्यासपीठावरून, त्यांच्या वतीने ती देऊ शकला नसता. जिच्यावर अन्याय झाला तिला ‘आता माफ कर आणि विसर’ असं बाहेरच्याने सांगणं, हा दुसरा अन्याय आहे. आपल्या घराघरांत तो चालतो, आणि सोसायला बहुतेक वेळा बाईलाच सांगितलं जातं. ख्रिस्ती सिद्धांत नीट समजला तर तो ह्याच्या उलट आहे. तिथे ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो स्वतः, कुणाच्या दडपणाशिवाय, स्वतःचं देतो.

असो. श्रद्धा ही तर्काने पटवायची गोष्ट नाही, आणि मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. येशूच्या मरणात हे सगळं खरोखर घडलं का, ह्याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. कुंथलगिरीचा मुनी म्हणेल, दुसऱ्याने भरलेलं तुमच्या आत्म्याला लागू पडत नाही. वारकरी म्हणेल, माझ्या विठूला एवढा खटाटोप लागत नाही. दोघांनाही मी खोटं म्हणणार नाही.

पण ‘देवाने सरळ माफ का केलं नाही’ असं पुन्हा कुणी विचारलं, तर मी त्याला एवढंच विचारीन: तुम्ही आयुष्यात कुणाला तरी मनापासून, पूर्ण माफ केलं असेल. सख्ख्या भावाला, मित्राला, सुनेला, कुणालाही. ते सरळ होतं का? रात्री झोप लागली होती का? आणि ज्याला माफ केलंत त्याला त्याचा हिशेब कधी दाखवलात का?

ज्याने एकदा तरी अशी रेघ मारली आहे, त्याला क्रूस पटेलच असं नाही. पण त्याला तो प्रश्न पूर्वीइतका सोपा वाटणार नाही, एवढं नक्की.